नसलेल्या वाटेचं अपील

अपिलाचे नियम ज्याने कुणी लिहिले, त्याने आयुष्यात एकही मेंढरू जवळून बघितलेलं नाही, असा माझा जाहीर आरोप आहे. बीडच्या कोर्टात ज्युनियर वकिली करताना असे आरोप रोज साचत जातात. आमचे सर म्हणतात, सनद नवी असेपर्यंत राग येतो, पुढे आपोआप जातो. माझा अजून गेलेला नाही. आणि एकट्या बिरूमामांच्या फाईलनेच वर्षभर पुरेल इतका साठा करून ठेवलाय.

बिरूमामा मेंढरं राखतात. गावातून तळ्याकडे जाणारी वाट दत्ताबापूंच्या शेतातून, त्यांच्या वस्तीला लागून जाते. बापू म्हणजे माजी सरपंच. ते वाट बंद करणार असं कानावर आलं तेव्हा मामांनी दावा लावला आणि हरले. ‘अशी वाट कधी नव्हतीच,’ असा निकाल झाला. लगेच तारेचं कुंपण लागलं. आता मेंढरं पाण्यासाठी डांबरी रस्त्याने वळसा घालून जातात. एक गाभण मेंढी ट्रकखाली गेली. उन्हाळा तोंडावर आहे.

*

मामांना घेऊन अपील दाखल करायला गेले, तर क्लार्कने कागद परत सरकवले. “निकालाची नक्कल आहे, डिक्री कुठंय? अपील डिक्रीवर होतं.”

“मग डिक्री द्या.”

“खालच्या कोर्टात अजून तयार नाही.”

मी मामांना समजावलं, की डिक्री म्हणजे निकालाचा हुकूमनामा. तो निघाला की तुमचं हरणं कागदावर पक्कं होतं.

मामा खिडकीत वाकले. “म्हंजी मी अजून हरलोच न्हाई?”

“तसंच धरा,” क्लार्क म्हणाला.

“मंग तार कावून लावली?”

क्लार्क जेवायला उठला.

*

डिक्री आली, पण मुदतीचं भूत मानगुटीवर होतंच. निकाल लागला तेव्हा मामा तेलगावकडे उसाच्या रिकाम्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत होते. परत आले तोवर अपिलाची मुदत संपलेली. झालेला उशीर माफ करा, असा अर्ज द्यायचा, आणि त्यात प्रत्येक दिवसाचा हिशोब!

“मामा, नेमकं कोणत्या रानात होता?”

“मेंढरं नेतील त्या.”

“ते कसं लिहू?”

“तुमी शिकल्याल्या, ताई. लिवा की काईतरी.”

सुनावणीला बापूंचे वकील तावातावाने उठले. “आजकाल प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो, साहेब. वकिलाला एक फोन करता आला नसता?”

मामा मागून हात जोडून म्हणाले, “साहेब, चार्जर व्हता. पर रानात लाईट न्हाई, अन् मेंढराला पिन न्हाई.”

न्यायाधीशांनी रुमाल तोंडावर धरला. उशीर माफ झाला.

*

मला वाटलं, आता अपील चालेल. सर म्हणाले, “आता अपिलाची नोटीस काढायची, बापूंना.”

“सर, बापू या अर्जात वकिलासकट हजर होते की!”

“तो अर्ज वेगळा. अपिलात ते अजून सापडलेले नाहीत.”

पुढच्या तारखेला बापूंचे वकील उभे. “आमच्या पक्षकाराला नोटीस मिळालेली नाही, साहेब. आम्ही हजर नाही, एवढंच सांगायला आलोय.” तारीख पुढे गेली.

बाहेर आले तर झाडाखाली बापू चहा पीत होते. कप उंचावून म्हणाले, “काय ताई, सापडलो का?”

मामा खाली बघत होते. “मेंढरं लई वाळलीत, ताई,” एवढंच बोलले.

*

त्याच्या पुढच्या तारखेला नोटीस बजावायला गेलेल्या बेलिफ शेखचाचांचा शेरा आला: ‘गावाकडील रस्ता तारेने बंद असल्याने वस्तीवर पोचता आले नाही.’

न्यायाधीशांनी शेरा मोठ्याने वाचला. मग पुन्हा एकदा, सावकाश. “कोणता रस्ता?”

मी उठायला गेले. सरांनी कोट धरून खाली बसवलं. “अपिलात नवा पुरावा द्यायला वेगळा अर्ज लागतो,” ते कुजबुजले.

तेवढ्यात बापूंचे वकील स्वतःच उसळले. “खोटा शेरा आहे, साहेब! तिथे रस्ताच नाही, कधी नव्हताच. बेलिफाने घरी बसून लिहिलंय.”

शेखचाचा दाराशीच उभे होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत घरी बसून लिहिल्याचा आरोप त्यांना बहुधा झोंबला असावा. टोपी सारखी करून ते पुढे आले.

“घरी बसून कावून लिहू, साहेब? खालच्या कोर्टाची नोटीस बी मीच नेलती, त्याच रस्त्यानं. ह्या बापूंच्या हातात दिलती. त्यांनी च्या पाजला, अन् कुत्रं लागू नये म्हणून त्याच रस्त्यानं गावापत्तोर सोडाया आलते.”