होडीत टांगलेला फोटो

मालवणात माझा फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आलं तेव्हापासून माझं निम्मं आयुष्य एकच गोष्ट सांगण्यात गेलं. प्रिंटरमधून इथल्या इथे निघतो तो फोटो म्हणजे कागदावर बसलेली शाई. कोल्हापूरच्या लॅबमधून येतो त्यात रंग कागदाच्या आतच तयार होतो, म्हणून तो टिकतो. पण ऐकतंय कोण! गिऱ्हाईक दोन्ही फोटो उलटसुलट करून बघायचं आणि म्हणायचं, "दिसतत तर सारकेच. गॅरंटी किती?" अहो, खाऱ्या वाऱ्यात नि उन्हात टांगलात तर अंगातला शर्टसुद्धा विटतो, त्याची गॅरंटी मागता काय शिंप्याकडे? दिवसभर बोलून बोलून माझा घसा बसायचा.

बंदरावर मासे विकणाऱ्या एक काकी होत्या. त्यांचा नवरा फार वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो परतलाच नाही. त्याचा एकुलता एक फोटो, तळहाताएवढा, काळापांढरा, घेऊन काकी आणि त्यांचा मोठा मुलगा आले. मुलगा नवी होडी घेत होता. होडीच्या केबिनमध्ये बापाचा मोठा फोटो लावायचा होता.

"बापाशीची नजर दर्यार ऱ्हवाक होयी," तो म्हणाला.

"मगे लॅबचो घे. थोडे दिवस थांब. आणि काचेत घालून घरात लाव, होडयेत नको."

"होडी उद्या उतरता. आजच दी."

दिला. काय करणार? वर त्या फोटोची सीडी करून दिली आणि चांगलं दोनदा बजावलं, ही सीडी आणि जुना फोटो पत्र्याच्या डब्यात जपून ठेवा. पुढे पावसाळ्यात वीज कोसळली आणि माझा कॉम्प्युटर आतल्या सगळ्या फोटोंसकट गेला. असलं काही होणार हे ठाऊक होतं, म्हणूनच मी सीडी जपा, सीडी जपा म्हणून लोकांच्या मागे लागायचो.

वर्षभराने काकी एकट्याच आल्या. पदराखालून फोटो काढून काउंटरवर ठेवला. चेहरा धुतल्यासारखा पांढरा पडला होता. डोळे नाहीत, नाक नाही, मिशीची फक्त एक निळसर रेघ.

"दुसरो काढून दी रे झिला."

मी भडकलोच. "सांगलेलंय ना मी तुमका! आता जुनो फोटो हाडा, त्याशिवाय काय होवचा नाय."

"तो दर्यात सोडलंव."

"काय?"

"नवो इलो मां. देवाचो नवो फोटो हाडलो काय जुनो पाण्यात सोडतत, तसोच सोडलंव. फुला वायलंव, हात जोडलंव."

"आणि सीडी?"

"ती सुकत घातलेल्या माशांर टांगलंय. चकाकता मां, कावळे येणत नाय."

मी कपाळावर हात मारला. सीडी मागवून घेतली, पण मिठाने तिचा पापुद्रा सुटला होता, मशीन ती वाचेना. इतका संताप आला होता, आणि तो काढायचा कुणावर? फुलं वाहून फोटो सोडणाऱ्या बाईवर?

शेवटी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, "तुमी सांगा, मी कॉम्प्युटरार चेहरो काढतंय. जमात तसो. डोळे कशे होते?"

"मोठे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तशे मोठे नाय."

"नाक? सरळ, काय बसका?"

काकींनी डोळे मिटले. मी माउस धरून वाट बघत राहिलो. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले.

"सांगाक येणा नाय रे," काउंटरवरच्या फोटोकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "रोज होडी लागली काय मी पयल्यांदा ह्येका हात जोडतंय. आता डोळे मिटलंय तरी ह्योच दिसता, विटलेलो."