रघुअण्णांची विश्वासाची फाइल

नंदिनी आणि मी हल्ली व्हाइटफील्डमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत आहोत. अधूनमधून जेवायला भेटतो, आणि ताट पुढ्यात यायच्या आत दोघींपैकी कुणीतरी म्हणतंच, "रघुअण्णांचं ते आठवतंय?" काम रंगतदार असलं की माणसं कामाबद्दल बोलतात. आमचं काम चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून किस्से साठत गेले.

काम असं. मेलवर डिजिटल सही असते. ती खरी की खोटी, हे पाठवणाऱ्याच्या पब्लिक कीवरून, म्हणजे त्यानं जगाला देऊन ठेवलेल्या किल्लीवरून, कळतं. पण ती की त्याच माणसाची, हे कुणी सांगायचं? आपला ज्याच्यावर विश्वास आहे अशा कुणीतरी. मग कुणावर किती विश्वास, हे प्रोग्रॅमला लक्षात ठेवावं लागतं, आणि त्यासाठी एक डेटाबेस फाइल लागते. त्या फाइलीत काय कुठे लिहायचं, हे आम्ही तिघं महादेवपुरातल्या ऑफिसात बसून ठरवत होतो. रघुअण्णा आमचे सीनियर. घर बनशंकरीला, घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नड कधी सुरू व्हायचं ते त्यांनाही कळत नसे. नंदिनी हुबळीची, टेस्टिंग करायची. मी पुण्याहून नुकतीच आलेली.

*

पहिल्या मसुद्यात मी दोनच पर्याय ठेवले होते. विश्वास आहे, विश्वास नाही.

अण्णांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. "आणि जो माणूस आपल्याला माहीतच नाही, तो कुठं बसवायचा?"

"विश्वास नाही, त्यातच. फरक काय पडतो?"

"तू आलीस तेव्हा मी तुला ओळखत नव्हतो. म्हणून काय तुला दारातनं परत पाठवलं?"

दुपारपर्यंत फाइलीत 'अनोळखी'साठी वेगळी किंमत आली. मग 'थोडासा विश्वास' आला, 'पूर्ण' आला. 'थोडासा' विश्वास असलेली किती माणसं मिळून एक 'पूर्ण' विश्वास होतो, यावर आम्ही तिघं आठवडाभर भांडलो. नंदिनी म्हणायची तीन पुरेत. अण्णा म्हणायचे, "तिघं एकाच घरातले असले तर?"

*

आमच्यावरच प्रयोग करायचा म्हणून तिघांनी आपापल्या की तयार केल्या. मी माझी अण्णांपुढे ठेवली. म्हटलं, ही की माझीच, अशी सही करा.

"ओळखपत्र?"

"अण्णा, मी तुमच्या शेजारी बसते."

"सरी, ठीक आहे. उद्या आण."

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट नेला. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला आणि सही केली. मी खूश. मग विश्वासाच्या रकान्यात त्यांनी 'थोडासा' टाकलं.

"आता काय राहिलं?"

"तू तूच आहेस, हे पक्कं झालं," अण्णा शांतपणे म्हणाले. "तू दुसऱ्याची ओळख नीट तपासतेस का, ते अजून बघायचंय."

*

अण्णांनी एकदा जेवायला घरी बोलावलं. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "हे सांगत नाहीत. तू सांग, ऑफिसात करता तरी काय?"

मी जमेल तितकं सोपं केलं. "कोण कुणावर किती विश्वास ठेवतो, ते लिहून ठेवायची सोय करतो."

अक्कांचा डाव हवेतच थांबला. "आणि त्याचा पगार मिळतो?"

*

फाइल लिहिताना मध्येच वीज गेली तर? जुनी नोंद तरी शाबूत राहायला हवी. त्यासाठी नंदिनीनं एक मशीन यूपीएसवरून काढून थेट भिंतीला लावलं होतं. एका दुपारी खरंच वीज गेली. सगळ्या मजल्यावर हाय हाय, कुणाचं काय गेलं, कुणाचं काय. आणि आमच्या कोपऱ्यात ही बाई टाळ्या वाजवत होती. नोंद शाबूत निघाली. अण्णांनी सगळ्या मजल्याला कॉफी पाजली. कशाबद्दल, ते कुणाला कळलं नाही.

*

विश्वासाची फाइल वेगळी का ठेवायची, यावर आमचे मॅनेजर थॉमस सर अडून बसले होते. पब्लिक की जगजाहीर असतात, मग विश्वासही त्यांच्याच सोबत ठेवा, सर्व्हरवर सगळ्यांना दिसू दे, असं त्यांचं म्हणणं.

मग ग्राहकापुढे डेमो झाला. नंदिनीनं स्वतःच्याच लॅपटॉपवरून फाइल उघडली. मोठ्या पडद्यावर नावांची रांग आली. थॉमस सरांच्या नावापुढे स्वच्छ लिहिलं होतं, 'विश्वास नाही'.

परतीच्या कॅबमध्ये सर नंदिनीला म्हणाले, "निदान अनोळखी तरी ठेवायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः लिहून पाठवलं, विश्वासाची फाइल खासगी राहील.

*

पुढे ते प्रॉडक्ट बंद झालं. थॉमस सर परदेशी गेले, अण्णा निवृत्त झाले. पण त्याआधीचं एक सांगायचंय.

पहिला मोठा ग्राहक मिळाला होता. त्यांच्याकडच्या इंजिनिअरची की तपासल्याशिवाय काही सुरू होणार नव्हतं. तपासायचं ते फोनवर. त्यानं कीचा ठसा, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ, वाचून दाखवायची आणि आपण ताडून बघायची. मात्र फोन करणाऱ्याला त्याचा आवाज ओळखता आला पाहिजे. मी इंजिनिअरचं नाव वाचलं. आडनाव अण्णांचंच.

"धाकटा भाऊ," अण्णा म्हणाले. "आई गेल्यापासून बोलणं नाही."

"दुसरं कुणी ओळखणारं शोधू या का?"

संध्याकाळी अण्णांनी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं, ठशाचा प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला आणि फोन स्पीकरवर टाकला. "तो वाचेल. तू टिक कर."

पलीकडून "हलो" आलं.

"मी बोलतोय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "सांग, अण्णा."

"कीचा ठसा वाच."

भाऊ वाचू लागला. "नऊ, ए, चार, एफ."

"हं."

"दोन, दोन, बी, सात."

"हं."

असं शेवटपर्यंत. एकूण एक अक्षर बरोबर होतं. मी शेवटची टिक केली, कागद अण्णांकडे फिरवला आणि मान हलवली. अण्णांनी कागद पाहिला. मग फोनकडे पाहत राहिले.

"झालं?" पलीकडून विचारलं.

"नाही रे," अण्णा म्हणाले. "परत पहिल्यापासून वाच. स्वल्प सावकाश वाच."