झाडूभाऊची लांब नाकाची मोटार

कोरपन्याहून सिमेंट फॅक्टरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून झाडू सिडामचं घर आहे आणि घरापुढच्या अंगणात एक मोटार उभी आहे. तिला चाकं नाहीत, इंजिन नाही. नाक मात्र रानडुकरासारखं लांब पुढे काढलेलं. अशी बस आता कुठेच दिसत नाही. सगळ्यात विचित्र तिची मागची बाजू. तिथे फळ्यांची भिंत घालून एक वेगळा डबा केलेला, त्याला स्वतःचं बुटकं दार, आणि भिंतीत वीतभर झरोका.

झाडूचा बाप लाकडाच्या डेपोवर चौकीदार होता. डेपो उठला तेव्हा ठेकेदाराने न्यायचं ते नेलं आणि हे धूड तिथेच टाकलं. बापाने गावातल्या बैलजोड्या मागून आणल्या, धूड ओढत घरी आणलं. मोटार कुणाची, कुठची, हे त्याने विचारलं नाही. झाडूला विचारावंसं वाटलं तोवर बाप राहिला नव्हता. झाडूच्या जमातीत कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात; दारात नवा माणूस आला की त्याला आधी विचारायचं, बाबा, तू किती देवांचा? मग तो भाऊ की सोयरा ते कळतं. या मोटारीला मात्र कुणी काही विचारलं नाही. तिच्यात कापूस भरला, कडबा भरला, व्यालेली शेळी बांधली, पाहुण्याची खाट टाकली. झाडूने जन्मभर बैलबंडी हाकली आणि उन्हाळ्यात या मोटारीत झोप काढली. काही माणसांना आपल्या जागेवरून उठावंसंच वाटत नाही. झाडू त्यातला.

दिवाळीनंतर त्याची सून रंजीता म्हणाली, "मामाजी, मोटारीत चहाचं हॉटेल टाकू का?" तिचा नवरा चंदन फॅक्टरीच्या ट्रकवर असतो, दिवसचे दिवस घरी नसतो. सासऱ्याकडे तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. झाडूने आनंदाने बाकडी ठोकून दिली.

पहिल्याच सकाळी शेजारचा दसरू आला. कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"झाडूभाऊ, मुर्दागाडीत चहा पाजून राह्यला का मले?"

"मुर्दागाडी कोन म्हनलं?"

"मंग मांगचा डबा काह्यचा? पटकीच्या साथीत मुडदे याच्यातच नेत. माहा आजा सांगे."

दसरूचा आजा पुष्कळ काही सांगत असे. पण हे गावाला पटलं, कारण त्या डब्याचं दुसरं काही कारण कुणाला सुचत नव्हतं. माणसं येत, ऐकत, भरला कप ठेवून उठत. रंजीता तो चहा निंबाच्या बुडाशी ओतून देई.

"मुडदे असतीन तं असतीन," झाडू तिला म्हणाला. "धुतलं की झालं."

"लोकाइचं तोंड कसं धुता, मामाजी?"

जन्मभर आपण मेलेल्यांच्या अंथरुणावर झोपलो की काय, हा विचार झाडूला फारसा टोचला नाही. मेलेलेही कुठेतरी झोपतातच. पण सुनेची भरलेली किटली पाहवेना.

डबाच उखडून टाकावा म्हणून तो भर दुपारी पटाशी घेऊन आत शिरला. मागे दार आपटलं आणि चौकटीत घट्ट बसलं. आत अंधार. दार चाचपताना रंगाच्या थरांखाली बोटांना काहीतरी उंचवटा लागला. त्याने तो खरवडला. पितळेची कडी होती, आतल्या बाजूला. झाडू तिथेच खाली बसला आणि मोठ्याने हसत सुटला.

बाहेरून दसरू बैल घेऊन चालला होता. मुर्दागाडीत कुणीतरी हसतंय म्हटल्यावर त्याने बैल सोडले आणि पळाला. गाव गोळा झालं, पण लांबच उभं राहिलं. रंजीतानेच दार ओढून काढलं.

"दसरू," झाडू घाम पुसत म्हणाला, "मुडदा आतून कडी लावते काय बे?"

"मंग कैद्याइची गाडी असन."

"कैद्याले कोनी आतून कडी देते का, भाऊ?" रंजीता म्हणाली.

लोक हसले. पण दसरू हटणारा नव्हता. "कडी नंतर कोनी बसवली असन तं?" चहा कुणीच घेतला नाही.

दसरूची आत्या अन्नपूर्णा सीमेपलीकडे, तेलुगू मुलखात, आसिफाबादेत दिलेली. ती तेव्हा माहेरी आली होती. हा मुलूख निजामाचा होता तेव्हाची ती पोर. आत्या आपलीच बाजू घेईल म्हणून दसरूने तिला धरून आणलं. म्हातारीने मोटारीचं नाक पाहिलं आणि ती थबकली. मग सरळ मागे गेली.

"जरुगु," ती तेलुगूत म्हणाली आणि दसरूला हाताने बाजूला सारलं. न चाचपता तिने चौकट धरली, वाकून आत चढली, दार लावलं. कडी बसल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने झरोक्यातून एक सुरकुतलेला हात बाहेर आला, तळवा वर.

"तिकीट दे."

कुणी हललं नाही.

"निजामाच्या मोटारीतला बायाइचा डबा व्हय हा," आतून आवाज आला. "आमी आत, कडी लावून. कंडक्टरले हात दिसे, तोंड नाई."

"मंग आत काय करत होत्या तुमी?" दसरूने विचारलं.

"आमी बिड्या ओढो! तुहा आजा, माहाच बाप, एकदा आत शिराले आला होता, दसऱ्या. बायाइनं चपलीनं हाकलला. तवापासून तो इले मुर्दागाडी म्हने."

दसरूला कुठे पाहावं कळेना. रंजीताने झाडूच्या हातात ग्लास दिला, त्याने तो म्हातारीच्या तळव्यावर ठेवला.

"साखर कमी हाय," आतून आलं.

संध्याकाळी कापूस वेचून येणाऱ्या बाया थांबल्या, एकेक करून आत चढल्या. रंजीताही त्यांच्यात गेली, चूल सासऱ्यावर सोडून. झरोक्यातून हात येत राहिले, बोंडांनी ओरखडलेले, काचेच्या बांगड्यांचे. आवाजावरून झाडू सगळ्यांना ओळखत होता, हातावरून एकीलाही नाही. तो ग्लास देत राहिला. आत कुणीतरी काही बोललं आणि सगळ्या फसकन हसल्या.

पुढच्या बाकड्यावर दसरू कप घेऊन बसला होता. "काऊन हसून राह्यल्या, भाऊ?"

"मले का मालूम. तू चहा पे, थंडा होऊन राह्यला."

दसरूने एकदा मागे पाहिलं आणि कप तोंडाला लावला.