पाहुण्यांची पेटी

आमच्या सरकारी शाळेत संगीत शिकवलं जायचं ते फक्त पाहुणे येणार असले तर. कुरुंद्याच्या अलीकडच्या आमच्या गावात पाहुणे वर्षातून एखाद्या वेळी यायचे, म्हणजे आमचं संगीताचं शिक्षणही तेवढंच. एरवी संगीताच्या तासाला गणित व्हायचं आणि प्रगतिपुस्तकात सगळ्यांना सरसकट 'अ' श्रेणी.

सातवीत असताना असेच एक साहेब येणार होते. मैदानावर वाळत घातलेली हळद उचलायला लावली, कपाटातून पेटी निघाली आणि सरांनी स्वागतगीत बसवायला घेतलं. गाणं दर वेळी तेच. मधे एक मोकळी जागा होती, तिथं येईल त्या पाहुण्याचं नाव कोंबायचं. या साहेबांचं आडनाव लांबलचक, ते चालीत मावेना. सरांनी चालच ताणली. आडनावापुढं सुरानं मान वाकवायची, एवढा एकच धडा त्या पेटीनं मला दिला.

पुढं गायला माझ्या वर्गातली, आमच्याच वस्तीतली मैत्रीण होती. तिचे वडील जयंतीला गायन पार्टीत गायचे. तिला पेटी शिकायची होती. "कार्यक्रम नीट होऊ दे, मग शिकवतो," असं सरांनी कबूल केलं होतं. त्या शब्दावर ती घसा बसेस्तोवर सराव करत राहिली.

साहेब ऊन कलल्यावर आले. घड्याळ बघत म्हणाले, "गाणंबिणं राहू द्या." भाषण मात्र राहू दिलं नाही. कलेनं माणूस घडतो, यावर ते बराच वेळ बोलले.

गाडी गेली तशी ती सरांकडं गेली. "सर, पेटी कधीपासून शिकवता?"

"तुला काहून शिकायची गं? तुमच्या लोकांच्या रक्तातच असतंय गाणं."

"गाणं असंल सर. पेटी न्हाई ना रक्तात."

सर हसले आणि कपाटाला कुलूप लावलं.

आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यामुळं अपमान कौतुकाचे कपडे घालून आला तरी मला ओळखू यायचा. घरी पाढे पाठ असणाऱ्या पोराला 'गणित तुझ्या रक्तात आहे, तू बाहेर बस' असं कोणता मास्तर म्हणाला? फुकट गाऊन घ्यायचं, आणि शिकवायची वेळ आली की रक्त तपासायचं!

गेल्या वर्षी तिच्या लेकराला पहिलीत घालायला आम्ही त्याच शाळेत गेलो. प्रार्थना आता स्पीकरवर वाजते, पोरं नुसते ओठ हलवतात. तिनं नव्या सरांना विचारलं, "ती पेटी हाय का हो अजून?"

"कपाटातच हाय ताई. पण उंदरांनी भाता खाल्ला."

"काढा बाहेर. भाता मी बसवून आणते. पण पुन्हा कुलूप लावायचं न्हाई, लेकरांना वाजवू द्यायची."

सर चाचरले. "त्याला वरून परवानगी लागंल."

"उंदरांनी घेतली होती का?"