परतल्यानंतरचे चार रविवार

परळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या मुलीला समजावत होत्या. नोकरीसाठी ती टांझानियाला चालली आहे. "मलेरियाची गोळी दर रविवारी. परत आल्यावरसुद्धा चार रविवार, न चुकता." त्यांनी गोळ्यांची स्ट्रिप पुढे केली आणि माझ्या तोंडाला एकदम सोलकढीची चव आली.

गिरणी बंद पडल्यावर माझा मोठा भाऊ, दादा, आफ्रिकेतल्या एका गिरणीत लागला होता. दीड वर्षानं सुट्टीवर घरी आला, तोही रविवारच. आईनं बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिरफळांचा वास चाळीच्या गॅलरीभर पसरलेला. दादा पोटभर जेवला, हात धुतले आणि बॅगेतून गोळी काढली. "जाम कडू असते गं," म्हणाला.

मी ती त्याच्या हातातून काढूनच घेतली. "आता घरी आलास ना? इथे कुठून येणार तिकडचा मच्छर?"

आईही हसली. "खरां ता झिला, तोंडाची चव कशाक घालवतस?"

गोळीच्या जागी मी त्याच्या हातात सोलकढीचा पेला दिला. केवढे लाड केले, असं वाटलं होतं मला!

तिकडचा आजार तो रक्तातून घेऊनच आला होता. पुढच्या रविवारी ताप चढला, तेव्हा आम्ही म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. त्याच्या पुढचा रविवार दादाला मिळाला नाही.

"पण घरी आल्यावर कशाला गोळी?" मुलीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. हसत. अगदी माझ्यासारखं हसत.