लिमयांच्या नातीचा फोटो

येरवड्याची आम्रपाली नऊ वर्षं एक वाक्य विसरली नव्हती. कोथरूडच्या आपल्या फोटो स्टुडिओत लिमये तिच्या सहा महिन्यांच्या प्रज्ञेशकडे बघून म्हणाले होते, "पावडर थापा याला. नाहीतर फोटोत नुसते डोळे दिसतील." वर फ्लॅश मारून त्याला रडवलं ते वेगळंच.

त्याच रागात ती फोटो काढायला शिकली. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, बाळाची झोप झालेली आणि आपण जमिनीवर पालथं. आता बाळांचे फोटो काढायला तिलाच घरोघरी बोलावतात.

परवा बोलावलं ते लिमयांच्या सुनेने; सासऱ्यांच्या फ्लॅशला नात रडायची. नात आजोबांसारखीच सावळी, आणि आजोबांनी हौसेने तिला पावडर थापलेली. आम्रपालीने ती ओल्या फडक्याने पुसली आणि नातीवर उजेड परतवायला पांढरी चादर लिमयांच्याच हातात दिली. ते चादर धरून उकिडवे बसले. नात खुदकन हसली. पहिलाच फोटो बघून लिमये हरखले.

"कुठे शिकलात हो?"

"तुमच्याच स्टुडिओत. माझ्या पोराला पावडर थापायला लावलीत ना, त्या दिवशी."

लिमयांचे हात खाली आले.

"चादर वर धरा, काका," आम्रपाली म्हणाली. "नाहीतर फोटोत नुसते डोळे दिसतील."