तुम्ही उशिरा आणलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही. ती निर्मलाबाईंना ओळखते, म्हणून असेल.

देवळीत माझा दवाखाना आहे, राहायला बोरगाव मेघेला. निर्मलाबाई जुन्या पेशंट. त्यांच्या यजमानांचं, मनोहररावांचं, बसस्टँडजवळ कापडाचं दुकान. घर शाकाहारी, आणि बाईंनी तर दूधही सोडलेलं, पचत नाही म्हणून.

पहिल्यांदा आल्या तेव्हा थकवा होता, चेहरा फिकट. जीभ बघितली — लाल, गुळगुळीत. बघितली, हे मुद्दाम सांगतो. नंतर स्वतःला पटवून पाहिलं की तेव्हा ती दिसलीच नव्हती. दिसली होती. मांस-दुधातून मिळणारं बी-बारा जीवनसत्त्व कमी पडलं की जीभ अशी होते, हे कॉलेजात शिकलो होतो. पण बाहेर पेशंट ताटकळलेले, आणि हात सवयीनं चालतो. रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या, लोह आणि फोलिक अ‍ॅसिडच्या.

रक्त वाढलं. मी खूश. या गोळ्यांनी रक्त सुधारतं, बी-बाराची कमतरता झाकली जाते आणि आतल्या आत नसा खराब होत राहतात — हेही शिकलोच होतो ना?

काही महिन्यांनी पुन्हा आल्या. "पाय कापसावर पडल्यावानी वाटते, डॉक्टरसाहेब. डोळे मिटून तोंड धुतलं का झोक जाते."

याहून नीट कोणता पेशंट सांगतो? मी हसलो. मनोहररावांना बाजूला घेऊन म्हणालो, मनाचं आहे, फार लक्ष देऊ नका. त्यांनी माझं ऐकलं.

मग बाई न्हाणीत पडल्या. त्यांना वर्ध्याला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नसा तपासायला घोट्यावर थरथरता नादकाटा टेकवला — त्याची थरथर बाईंना कळलीच नाही. रक्त तपासलं, बी-बाराची इंजेक्शनं सुरू झाली. पायांना येणाऱ्या मुंग्या कमी झाल्या. चाल परत आली नाही, वॉकर आला.

इथपर्यंतची चूक मी कधीतरी कबूल केली असती, कदाचित. पुढचं —

दोघं रिपोर्ट दाखवायला माझ्याकडे आले. मनोहररावांनी विचारलं, "साहेब, हे आधी समजलं असतं काय?" आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. हो म्हणायला किती वेळ लागतो?

"तुम्ही उशिरा आणलं," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग खाली. "मलेच नीट सांगता आलं नाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मी तेही तसंच राहू दिलं.

त्यानंतर मनोहरराव दुपारी दुकान बंद ठेवू लागले. बाईंना धरून अंगणात चालवायचे. भेटेल त्याला सांगायचे, "मीच उशीर केला, नाई तं चांगली चालली असती ते." एकदा मलाही सांगितलं. मी औषध लिहीत होतो — लिहीत राहिलो.

गेल्या वर्षी ते हार्टनं गेले. मी घरी भेटायला गेलो. निर्मलाबाई खाटेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "शेवटपर्यंत मनाले लावून घेतलं त्याइनं."

तेव्हा तरी बोलायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. शेजारणीनं आणून दिलेला चहा मी प्यालो आणि उठलो.

त्यांचं इंजेक्शन दर महिन्याला मीच देतो.